आता बोलू शकत नाही

"अगं, उचल की तो फोन!" हे बागेतून ओरडले.

"उचलतेय!" मी स्वयंपाकघरातून ओरडले आणि फोन कापला.

मला कापायचा नव्हता. हिरवं बटण अंगठ्यानं वर सरकवलं की बोलणं सुरू, एवढं माझ्या हाताला वर्षानुवर्षं पाठ होतं. त्या सकाळी ते बटणच जागेवर नव्हतं. तिथं एक आडवी पट्टी आली होती आणि पट्टीच्या मधोमध फोनचं चित्र. ते उजवीकडं सारलं की फोन उचलला जातो, डावीकडं सारलं की कापला जातो, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी आधी वर सारून बघितलं, ते हलेना. मी डावरी. अंगठा आपोआप डावीकडं गेला. त्या गडबडीत पट्टीच्या खाली तयार निरोपाचं एक बारीक चित्र होतं, त्यालाही बोट लागलं.

दोन मिनिटांत ह्यांचा फोन वाजला. ह्यांचा जुना, बटणांचा, पलीकडचं सगळं ऐकू येणारा. तो कानाला लावूनच हे आत आले. पुण्याहून विक्रांत, आमचा मुलगा.

"बाबा, आईला काय झालंय? माझा फोन कापला आणि वर मेसेज पाठवलाय."

"काय म्हणतीय?"

"'आता बोलू शकत नाही. काय काम आहे?'"

ह्यांनी माझ्याकडं वळून बघितलं. "पोराला असं विचारतात होय?"

"मी नाही विचारलं! फोननं विचारलं!"

ह्यांनी फोन परत कानाला लावला, जरा ऐकलं आणि मला म्हणाले, "काम काहीच नव्हतं म्हणतोय." आणि गुलाबांना पाणी घालायला निघून गेले.

याला आता चार वर्षं होतील. रात्रीतून फोनचं अपडेट झालं होतं. कुणी विचारलं नाही, सांगितलं नाही. अक्षरं फुगली होती, रंग चार धुण्यांनंतर उरावेत तसे फिके झाले होते, आणि रोजच्या लागणाऱ्या गोष्टी कुठं नेऊन ठेवल्या होत्या ते हुडकत बसावं लागत होतं. पाहुणीनं येऊन आपल्या मांडणीतले डबे आपल्याला न विचारता इकडचे तिकडं करावेत, तसं. मला राग यायला आणखी एक कारण होतं. माझी सगळी नोकरी साताऱ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली, ती अगदी ट्रंक कॉलच्या काळापासून. कानाला हेडफोन लावून मुंबई, कराड, फलटण जोडून देणारी बाई मी. आणि मला घरात आलेला माझा स्वतःचा फोन उचलता येईना!

मी तशीच पर्स घेतली आणि पोवई नाक्यावर रियाजच्या दुकानात गेले. फोन त्याच्याकडूनच घेतला होता.

"रियाज, हे पहिल्यासारखं करून दे."

"काकू, होत नाही हो ते. कंपनीनंच बदललंय. सकाळपासून हेच चाललंय माझं."

"मग कंपनीला माझं मत कळव."

"मी कसं कळवणार? तुम्हीच लिहा की. इथं जागा असते बघा. आधी तारे द्यायचे, मग मत लिहायचं."

"किती तारे?"

"एक ते पाच."

"शून्य कुठंय?"

"शून्य नसतो, काकू. कमीत कमी एक."

"एक तरी कशाबद्दल द्यायचा?"

रियाजनं डोकं खाजवलं. "लिहायला देतात, त्याबद्दल."

मी एक तारा दिला आणि त्याच्याच स्टुलावर बसून लिहिलं : 'फोन उचलणे ही गोष्ट लोकांना येत होती. येत होती ती तुम्ही काढून घेतली आणि नको होती ती दिली. डावऱ्या माणसांचा विचार केलेला दिसत नाही. माझ्या मुलाला काय काम आहे, हे विचारण्याचा तुम्हाला काहीही अधिकार नाही. रंग आवडले नाहीत.' दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, 'तुमचे मत आमच्यासाठी मोलाचे आहे.' मी खाली लिहिलं, 'मग बदला.' त्यावर मात्र काही उत्तर आलं नाही.

पुढच्या आठवडाभरात नात्यात माझं चांगलंच नाव झालं. फलटणच्या जावेनं नात झाल्याची बातमी द्यायला फोन केला, तिला 'काय काम आहे?' गेलं. विहीणबाईंना गेलं. दूधवाल्याला गेलं, त्यानं बिचाऱ्यानं 'दूध' एवढंच उत्तर पाठवलं. जाऊ सगळीकडं सांगत सुटली की निवृत्त होऊन घरी बसलीय तरी हिचा तोरा उतरत नाही. खरं म्हणजे फोन कसा उचलायचा ते मला तोवर समजलं होतं. पण डोक्याला समजलेलं अंगठ्यापर्यंत पोचत नव्हतं. जरा घाई झाली की अंगठा डावीकडं.

आणि अशातच एका सकाळी मी मेथी निवडत बसले असताना फोन वाजला, आणि पट्टीच्या वर नाव आलं : अक्का कराड.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, रत्नमाला. सहा वर्षं आम्ही एकमेकींशी एक शब्द बोललो नव्हतो.

कारण सांगते. अक्काच्या मुलाचं, धैर्यशीलचं लग्न होतं कराडला. अक्कानं मंगलाष्टकं स्वतः रचली होती आणि स्वतःच म्हणत होती. चालही तिचीच. पणजोबांपासून सगळं कूळ तिनं त्यात घेतलं होतं. लोक अक्षता मुठीत धरून उभे, मुठींना घाम सुटलेला, लहान पोरं रडायला लागलेली, भटजी घड्याळाकडं बघतायत, आणि संपलं संपलं असं वाटून हात वर उचलावा तोवर अक्काचं पुढचं कडवं सुरू. मी ह्यांच्या कानाशी म्हणाले, "पुरे कर म्हणावं आता, पोरगं उभ्या उभ्या म्हातारं होईल." कानाशीच म्हणाले होते. पण शेजारी भटजींचा माईक होता आणि तो चालू होता.

सगळं कार्यालय हसलं. अंतरपाटामागं नवरी हसली, अंतरपाटसुद्धा हलला. अक्का गायची थांबली. उरलेली कडवी तिनं तिथंच घडी घालून कमरेला खोचली आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलायचीही थांबली.

मी खोटं काही बोलले नव्हते, आणि माझं मत आजही तेच आहे. पण पुढं सगळं एका गोष्टीवर अडून बसलं : आधी फोन कुणी करायचा? धाकटीनं आधी वाकावं, असं तिच्याकडचे म्हणायचे. आमच्याकडचेही तेच म्हणायचे. मी वाकले नाही, तीही वाकली नाही. नात्यातल्या कार्याला ती पहिल्या रांगेत बसली की मी शेवटच्या रांगेत जाऊन बसायची. तिला मधुमेह झाल्याचं मला तिसऱ्याकडून कळलं, आमच्या ह्यांच्या ऑपरेशनचं तिला चौथ्याकडून.

तर ते नाव बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हातातली मेथी खाली पडली.

"अहो, अक्काचा फोन!" मी ओरडले, आणि ओल्या हातानं पट्टी सारली. डावीकडं.

हे धावत आत आले. "काय म्हणाली?"

"अजून काही नाही."

तेवढ्यात परत वाजला. "सावकाश," हे म्हणाले, "उजवीकडं, उजवीकडं." त्यांनी असं उजवीकडं उजवीकडं म्हटल्यावर मला माझा उजवा हात कुठला तेच सुचेना. बोट खालच्या चित्राला लागलं. निरोप गेला. मी मटकन खुर्चीत बसले.

"काय पाठवलंस?"

"तेच."

"काय काम आहे?"

"तेच हो!"

मग मी तिला लावायला गेले, तर तिचा फोन व्यस्त, कारण त्याच वेळी ती मला लावत होती. माझा ठेवते न ठेवते तोवर तिचा आला. या खेपेला मी पदराला हात पुसले, चष्मा लावला, श्वास घेतला आणि बरोबर मधोमध अंगठा ठेवून... काय झालं ते मला आजही सांगता येणार नाही. फोन कापला गेला आणि निरोपही गेला. त्यानंतर मी लावत राहिले. तिचा फोन बंद.

"तोडली," मी म्हणाले. "कायमची तोडली. एका पट्टीपायी."

ह्यांनी मेथी गोळा केली आणि माझ्यापुढं पाणी आणून ठेवलं. दुसरं काय करणार?

दुपारी जेवणाची वेळ होत आली तेव्हा फाटकाशी रिक्षा थांबली. खिडकीतून बघते तर अक्का. कराडहून एसटीनं एकटी आलेली, गुडघे धरत उतरलेली, केस बरेच पांढरे झालेले. मुठीत फोन असा धरला होता की जणू तो साक्षीदार म्हणून पकडून आणलाय. मी दार उघडलं.

"उघडलंस?" ती म्हणाली. "मला वाटलं आतूनच विचारशील, काय काम आहे म्हणून."

"अक्का, आत तरी ये..."

"मला विचारतेस, काय काम आहे? मला? तुला शाळेत कुणी सोडलं? तुझ्या वेण्या कुणी घातल्या? सहा वर्षांनी बहिणीचा फोन येतो तर ही कापते! एकदा नाही, दोनदा नाही! तुला बोलायचं नव्हतं तर तसं सांगायचं होतंस. हे असं लेखी कशाला?"

"मी कापला नाही. अपडेट झालंय."

"काय झालंय?"

"अपडेट. फोन बदललाय. म्हणजे फोन तोच आहे, आतून बदललाय. उचलायला गेलं की कापतो."

"माणसं बदलतात ते माहीत होतं मला," अक्का म्हणाली. "आता फोनवर ढकलायला लागलीस."

हे मध्ये पडले. "अक्का, खोटं नाही सांगत ती. दूधवाल्यालाही विचारलं तिनं."

"तुम्ही गप्प बसा, पाव्हणं. तुम्ही हिच्याच बाजूनं बोलणार."

मग मला एकदम सुचलं. "अक्का, तू आत्ता इथून लाव मला फोन. तुझ्यासमोर उचलते. मग तरी विश्वास ठेवशील?"

आता हा काय पुरावा होता, देव जाणे. उचलता आला असता तर मी खोटी ठरले असते. पण त्या वेळी आम्हा तिघांनाही तो बिनतोड वाटला. अक्का व्हरांड्यात जाऊन उभी राहिली. मी सोफ्यावर ताठ बसले. ह्यांनी माझ्यापुढं स्टूल आणून त्यावर फोन ठेवला. फोन वाजला. मी हळूच अंगठा टेकवला आणि घट्ट मनानं सारला.

व्हरांड्यात टिंग झालं. अक्कानं चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि मोठ्यानं वाचलं, "आता बोलू शकत नाही. काय काम आहे?"

मग अक्काचं पोट हलायला लागलं. ती हसायची तेव्हा आधी पोट हलायचं, आवाज मागून यायचा, लहानपणापासूनच. ती व्हरांड्याच्या कठड्याला धरून खाली बसली, डोळे पुसत म्हणाली, "अगं बाई... अगं, एक्स्चेंजमध्ये होतीस ना गं तू!" आणि परत हसायला लागली. मीही तिच्या शेजारी जाऊन बसले. हे भाकरीचं पीठ काढायला आत गेले.

जेवताना आम्ही दोघी मिळून कंपनीला जे काही बोललो ते लिहिण्यासारखं नाही. अक्काचा फोनही तसाच बदलला होता. तिला उचलता यायचा, ती उजव्या हाताची. तिची तक्रार वेगळी होती. आधी यादीतल्या नावाला बोट लावलं की नाव उघडायचं, मग नंबर दिसायचा, मग वाटलं तर लावायचा. आता नावाला नुसता स्पर्श झाला की फोन सरळ लागायचा.

"माणसाला विचार करायला वेळच ठेवला नाही मेल्यांनी," ती म्हणाली.

सगळं इतकं छान चाललं होतं. पण मला गप्प राहवेल तर ना. पापडाचा तुकडा मोडत मी म्हणाले, "काही का असेना, शेवटी आधी फोन तूच केलास हं, अक्का."

तिचा घास हातातच राहिला. हे माझ्याकडं बघायला लागले. त्या एका वाक्यात मी सहा वर्षं परत आणून पानात वाढली होती.

अक्का पानावरून उठली. हात धुतले, बाहेर येऊन बसली, दाजींना, म्हणजे तिच्या यजमानांना, पोचल्याचं कळवायला फोन हातात घेतला. यादी वर-खाली सरकवता सरकवता तिचं बोट भलत्याच नावाला लागलं. पलीकडून आवाज आला, "बोला काकी, सिलिंडर पाहिजे का?"

"नको, नको, चुकून लागला," म्हणून तिनं घाईघाईनं बंद केला. मग क्षणभर त्या फोनकडं बघत राहिली आणि मान वर करून मला म्हणाली, "बघितलंस ना? हे असं होतं. सकाळीसुद्धा असंच झालं. मी तुला कुठं फोन केला होता? गिरणीत लावत होते, लाईट आलीय का विचारायला. दळण द्यायचं होतं. तुझ्या नावाच्या, 'पमा'च्या खालीच 'पिठाची गिरणी' आहे. बोट वर लागलं."

म्हणजे मी ज्या नावाकडं बघून रडले, तो फोन मला नव्हताच. पिठाच्या गिरणीला होता.

"आणि नंतरचे?" मी विचारलं.

"नंतरचे मी लावले. तू कापलास म्हणून. भांडायला."

"बरं," मी म्हणाले.

उत्तर जिभेवर होतं, आणि चांगलं धारदार होतं. पण ती उन्हाची एसटीतून आली होती आणि तिचा गुडघा सुजलेला दिसत होता. मी तेलाची बाटली आणली. संध्याकाळी हे तिला स्टँडवर सोडून आले.

आठवड्याभरानं सकाळी फोन वाजला. अक्का कराड. मी अंगठा सांभाळून उजवीकडं नेला आणि पहिल्यांदा बरोबर उचलला.

"अगं, तुलाच लागला का?" अक्का म्हणाली. "गिरणीत लावत होते."

"लाईट आलीय का विचारायला?"

"हो ना."

"बरं. गुडघा कसा आहे?"

मग आम्ही बराच वेळ बोललो. त्याच्या पुढच्या आठवड्यात परत तसंच. गिरणीत लावत होते, तुला लागला. मला थोडं लागायचं मनाला, पण म्हटलं, चुकून का होईना, येतोय ना. मध्यंतरी कंपनीनं पुन्हा काही बदललं आणि रियाजनं मला माझं जुनं वर सारायचं बटण परत लावून दिलं. अक्का आमच्याकडं आली तेव्हा तिला म्हटलं, "दे तुझाही फोन. नावाला बोट लागलं की लागणार नाही असं करून देतो रियाज." तिनं फोन पिशवीत टाकला.

"राहू दे. मला सवय झालीय."

त्याच वर्षी दिवाळीत मी कराडला गेले. अबोला धरल्यापासून त्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. अक्का मागच्या अंगणात तुळशीपाशी होती. स्वयंपाकघरात दाजी टेबलाशी चकल्या खात बसले होते. कोपऱ्यात क्रोशाचं आवरण घातलेलं काहीतरी उभं होतं. मी आवरण उचलून बघितलं. घरघंटी. घरच्या घरी पीठ दळायची चक्की.

"दाजी, ही कधी घेतली?"

"ही होय? झाली की दोन-तीन वर्षं. तुमचं दोघींचं भांडण होतं तेव्हाची. कोपऱ्यावरची शिंद्यांची गिरणी बंद पडली ना, तेव्हा धैर्यशीलनं आणली. तिथं आता मोबाईलचं दुकान झालंय."

"मग आता दळण कुठल्या गिरणीत टाकता?"

"गिरणीत कशाला? एक दाणा बाहेर जात नाही आमच्याकडचा," दाजी म्हणाले. "उलट गल्लीतल्या बायका हिच्याकडं येतात डबे घेऊन."

मी आवरणाच्या कडा परत नीट ओढल्या. मागच्या दारानं अक्का आत आली, गॅसवर ठेवलेला चहा गाळला आणि कप माझ्या हातात दिला. तिनं माझ्याकडं बघितलं, मग घरघंटीकडं बघितलं, मग परत माझ्याकडं.

"काय गं?"

मी चहाचा घोट घेतला.

"साखर कमी पडलीय," मी म्हणाले.

"तुला ना पमे, मनात आलेलं बोलून टाकल्याशिवाय राहवतच नाही बघ," अक्का म्हणाली आणि साखरेचा डबा माझ्यापुढं सरकवला.